तीन ट्यूबा, तीन कामे

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची ई-सायकल वाटेतच बंद पडली. बॅटरी भरलेली होती, चाक हाताने मोकळे फिरत होते, पण मोटर काही केल्या जोर धरेना. सायकल ढकलत सरांनी दुरुस्तीचे दुकान गाठले. दुकानदाराने मोटरच्या वायरींची जोडणी उघडली. आत पाण्याचा थेंबही नव्हता. नसणारच, कारण पाणी शिरू नये म्हणून महिन्यापूर्वी त्यानेच तेथे पारदर्शक सिलिकोन गच्च भरले होते. ते चाकूने खरवडून काढले, तेव्हा आतल्या तांब्याच्या बारीक तारा हिरव्यानिळ्या पडलेल्या दिसल्या. एक तार तर बोट लागताच तुटली.

"सर, पाणी नाही, चिखल नाही, मग तांबे खाल्ले कोणी?" दुकानदाराने विचारले.

सरांनी खरवडलेला तुकडा नाकाशी धरला. मधला भाग अजून ओलसर होता आणि त्याला ओळखीचा वास येत होता, व्हिनेगरचा!

दुकानदाराचा हेतू चांगला होता, हातही कसबी होता. चुकली ती फक्त ट्यूब. ई-सायकल किंवा विजेवर चालणारी दुचाकी यांच्या दुरुस्तीत तीन प्रकारचे लिबलिबीत पदार्थ सतत लागतात. एक पाणी अडवणारा, एक उष्णता वाहून नेणारा आणि एक घर्षण कमी करणारा. पहिला सीलंट, दुसरी उष्णतावाहक पेस्ट, तिसरे ग्रीस. तिन्ही ट्यूबमध्ये मिळतात, तिन्ही बऱ्याचदा पांढरे असतात आणि एकदा बोटावर घेतले की कोणते काय ते कळत नाही. त्यामुळे 'यातले कोणते चांगले?' हा प्रश्नच फसवा आहे. 'या जागी काम कोणते आहे?' हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधायला शाळेतले पदार्थविज्ञान आणि रसायन पुरेसे आहे.

व्हिनेगरचा वास कोठून आला?

सिलिकॉन हे मूलद्रव्य; वाळूत असते ते. सिलिकोन हे त्यापासून बनवलेले बहुवारिक. त्याच्या लांब साखळीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू एकाआड एक येतात. ट्यूबमधल्या सीलंटमध्ये या साखळ्या सुट्या असतात. ट्यूब पिळली की हवेतली बाष्परूप आर्द्रता साखळ्यांच्या टोकांशी अभिक्रिया करते, टोके एकमेकांना जोडली जातात आणि लगदा रबरासारखा होतो. म्हणजे सीलंट 'वाळत' नाही. उलट, घट्ट होण्यासाठी त्याला पाणी लागते!

या अभिक्रियेत प्रत्येक जोडणीबरोबर एक छोटा रेणू बाहेर पडतो. काचा, बेसिन आणि माशांच्या टाक्या यांसाठी मिळणाऱ्या स्वस्त सीलंटमधून बहुधा अॅसिटिक आम्ल बाहेर पडते. व्हिनेगरला वास येतो तो याच आम्लाचा. काचेला त्याने काही होत नाही. तांब्यावर मात्र हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने ते हल्ला करते आणि हिरवेनिळे कॉपर अॅसिटेट तयार होते. आपल्या आज्यांना हे रसायन ठाऊक होते. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की कळकते, ते याच जातीच्या अभिक्रियेमुळे.

आता दुकानदाराचे दुर्दैव पाहा. सीलंट बाहेरून आत घट्ट होत जाते, साधारणपणे दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. बाहेर साल धरली की आत आर्द्रता पोहोचण्याचा वेग आणखी मंदावतो. प्लॅस्टिकच्या बंद जोडणीत जाड गोळा भरला, तर आम्ल आठवडेच्या आठवडे तारांपाशी कोंडून राहते. पाणी आत आले नाही हे खरे, पण आम्लही बाहेर गेले नाही.

विजेच्या जोडणीजवळ लावायचे सीलंट 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेले असावे. त्यातून अल्कोहोल किंवा ऑक्साइम गटातले संयुग बाहेर पडते, आम्ल नाही. ट्यूबवर काहीच लिहिलेले नसेल तर पुढचा प्रयोग करावा.

करून पाहा : लिटमसची साक्ष

झाकणाच्या दोन लहान बरण्या घ्या. प्रत्येकीच्या तळाशी वाटाण्याएवढे सीलंट पिळा, एकीत काचेसाठीचे, दुसरीत न्यूट्रल प्रकारचे. झाकणाच्या आतल्या बाजूला ओला केलेला निळा लिटमस चिकटवा. सँडपेपरने घासून चकचकीत केलेली तांब्याची तार सीलंटला न टेकता आत ठेवा. एक थेंब पाणी टाकून झाकण लावा. पहिल्या बरणीतला लिटमस थोड्याच वेळात तांबडा होऊ लागेल. तार मात्र आठवडाभर रोज पाहावी लागेल. कोणत्या दिवशी पहिला हिरवा डाग दिसला, याची नोंद मुलांनी ठेवावी. बरण्या उघडताना वर्गाच्या खिडक्या उघड्या असाव्यात.

मोटर श्वास घेते

पाणी वरून पडते म्हणून आत जाते, असे आपल्याला वाटते. पण चाकाच्या तुंब्यात बसवलेली हब मोटर पाणी चक्क ओढून घेते. कसे ते पाहू.

चढ चढताना मोटर तापते. समजा आतली हवा ८० अंश सेल्सियसला पोहोचली. हवा प्रसरण पावते आणि थोडी थोडी करून फटींतून बाहेर निघून जाते. मग चाक थंड पाण्याच्या डबक्यात जाते आणि आतली हवा ३० अंशांवर येते. केल्विनमध्ये मांडले तर ३५३ वरून ३०३. फटी बंद असतील, तर दाब याच प्रमाणात घटतो, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी. वातावरणाचा दाब साधारण १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्याचे १४ टक्के म्हणजे जवळजवळ दीड मीटर. म्हणजे मोटर जणू दीड मीटर खोल पाण्यात बुडवल्यासारखी होते. ज्या बारीक फटीतून पावसाचे पाणी आपणहून शिरले नसते, त्यातून ते आत खेचले जाते.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, वायर आत जाते ते भोक हीच मोटरची दुखरी जागा. वायर आसाच्या पोकळीतून आत जाते, म्हणून तेथे लवचीक राहणारे न्यूट्रल सीलंट लावावे. बाहेर वायरीला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आसाकडे न जाता झोलाच्या तळाशी ठिबकेल. दुसरी, दिसेल ती फट बुजवणे हा उपाय नव्हे. काही उत्पादक हवेला जाऊ देणारे पण पाण्याला अडवणारे पातळ पटल बसवतात, काही खालच्या बाजूला निचऱ्याचे भोक ठेवतात. ते बुजवले तर आत आलेले पाणी कायमचे मुक्कामाला राहते.

जोडणीला सीलंट नव्हे, सिलिकोन ग्रीस

वारंवार उघडावी लागणारी जोडणी सीलंटने बंद करणे मुळात गैरसोयीचे. तेथे लागते ते सिलिकोन ग्रीस. सिलिकोन तेलात अतिशय बारीक सिलिका घालून ते दाट केलेले असते. ते कधी घट्ट होत नाही, पाण्यात मिसळत नाही आणि वीज वाहू देत नाही. त्याची कथाही या जागेला साजेशी आहे. अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी १९४३ मध्ये, ऐन दुसऱ्या महायुद्धात स्थापन झाली. तिचे पहिले उत्पादन होते 'डाऊ कॉर्निंग ४' हे सिलिकोनचे दाट मलम. लढाऊ आणि बाँबफेकी विमाने खूप उंच गेली, की विरळ आणि दमट हवेत इंजिनाच्या ठिणगीची वीज भलत्याच वाटेने निसटत असे. हे मलम लावल्यावर ती गळती थांबली. आज तेच काम ई-सायकलच्या जोडणीत चालते.

येथे विद्यार्थी हटकून विचारतात, की ते वीज वाहू देत नाही, तर पिनांवर लावल्यावर जोडणी तुटणार नाही का? नाही. पिना एकमेकींवर दाबून बसतात, त्या जागेचे ग्रीस बाजूला सरकते आणि धातू धातूला टेकतो. उरलेले ग्रीस सभोवतीची पोकळी भरून काढते. पाणी आणि हवा यांना जागाच उरत नाही. मात्र ग्रॅफाइटचे काळे ग्रीस किंवा तांब्याची पूड घातलेली पेस्ट येथे कधीही वापरू नये. ती वीज वाहू शकते आणि शेजारच्या दोन पिनांमध्ये आडवाट तयार होते.

पेस्ट उष्णता नेते, पण कोणाच्या मानाने?

आता कंट्रोलर पाहू. बॅटरीतला प्रवाह मोटरला मोजून-मापून देणारी ही पेटी. तिच्यात मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. ते तापतात, म्हणून अॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने आवळलेले असतात. दोन्ही पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. शिखरे तेवढी टेकतात, दऱ्यांत हवा राहते.

उष्णतावाहकतेचे आकडे पाहा. एकक आहे वॅट प्रति मीटर प्रति केल्विन. अॅल्युमिनियम २०० हून अधिक, पाणी ०.६, साधी पांढरी पेस्ट सुमारे १, हवा फक्त ०.०२६. म्हणजे पेस्ट ही धातूपुढे अगदीच सामान्य वाहक, पण हवेच्या चाळीसपट चांगली. तिचे काम धातूची जागा घेणे हे नाही, हवेची जागा घेणे हे आहे.

फळ्यावर हिशेब मांडून पाहा. मॉसफेटच्या पाठीचे क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर आणि त्यातून जाणारी उष्णता ५ वॅट धरू. थराच्या दोन बाजूंच्या तापमानांतला फरक काढायचा, तर उष्णतेला थराच्या जाडीने गुणायचे आणि वाहकता व क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागायचे.

सलग ०.०५ मिलिमीटर हवा असेल : सुमारे ६४ अंश.
तेवढीच साधी पेस्ट असेल : सुमारे १.७ अंश.
पाचपट वाहक, महागडी पेस्ट असेल : सुमारे ०.३ अंश.
साधी पेस्ट, पण १ मिलिमीटर जाड थापलेली : सुमारे ३३ अंश.

खरोखरीच्या जोडणीत शिखरे टेकलेली असल्याने हवेचा आकडा इतका मोठा नसतो. तरीही या चार ओळींत निवडीचे सारे शहाणपण आहे. महाग पेस्ट घेऊन वाचतो तो दीड अंशदेखील नाही. जाड थर दिल्याने मात्र तीस अंश गमावतात. पेस्ट पोळीवरच्या तुपासारखी लावायची, श्रीखंडासारखी नाही! कंट्रोलर आणि त्याचे आवरण यांत दोन-तीन मिलिमीटरची फट असेल, तर ती पेस्टने बुजवू नये. तेथे मऊ उष्णतावाहक पॅड किंवा अॅल्युमिनियमची जाड पट्टी लागते.

एक सावधगिरी हवी. बऱ्याच मॉसफेटची धातूची पाठ विजेच्या मार्गातच असते. पाठीमागे अभ्रकाचा किंवा सिलिकोनचा पातळ विद्युतरोधक तुकडा असेल, तर तो परत तसाच बसवावा. पेस्ट स्वतः वीज वाहत नसली तरी स्क्रू आवळल्यावर दोन धातू टेकू शकतात. आणि पेटी उघडण्याआधी बॅटरी काढायची, मग काही वेळ थांबायचे, कारण आतले धारित्र विद्युतभार धरून ठेवतात.

मोटरच्या पोटातही हाच प्रश्न असतो. गिअर नसलेल्या हब मोटरमध्ये तापणारी वेटोळी आत आणि चुंबक बाहेरच्या कवचावर असतात. मध्ये हवेची अरुंद फट असते. उष्णतेची वाट तेथेच अडते. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतात, म्हणून ही अडचण लहान नाही. यावर हौशी मंडळींनी स्वीकारलेला उपाय गमतीदार आहे. त्या फटीत काही मिलिलीटर चुंबकीय द्रव घालतात. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तेलात तरंगत ठेवलेला हा द्रव १९६३ मध्ये नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी अग्निबाणाच्या इंधनासाठी बनवला होता. चुंबक त्याला फटीतच धरून ठेवतात आणि तो उष्णतेसाठी पूल बनतो. गिअर असलेल्या मोटरमध्ये मात्र हा द्रव घालत नाहीत.

बैलगाडीपासून ई-सायकलपर्यंत

तिसरी ट्यूब ग्रीसची. ग्रीस म्हणजे जाड तेल नव्हे. ग्रीस म्हणजे साबणाच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यात धरलेले तेल. स्पंजात पाणी धरावे तसे. बेअरिंग फिरते तेव्हा जाळ्यातून थोडे तेल बाहेर येते आणि पृष्ठभागांना वेगळे ठेवते. साबणाचे काम तेलाला जागेवर ठेवणे, वंगणाचे काम तेलाचे.

पूर्वी बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालत. आज सर्वांत जास्त खपणाऱ्या लिथियम ग्रीसमधला साबण ज्या मेदाम्लापासून बनवतात, तेही एरंडेलापासूनच मिळते. एरंडाचे बी जगात सर्वाधिक पिकते ते भारतात, विशेषतः गुजरातमध्ये. गाडी बदलली, आस बदलला, एरंड आहे तेथेच आहे.

डब्यावर 'एनएलजीआय २' असे लिहिलेले आढळते. ही अमेरिकेतल्या वंगण संस्थेची दाटपणाची श्रेणी. ठरावीक शंकू २५ अंशांना ग्रीसवर सोडून तो किती रुततो ते मोजतात. क्रमांक २ मध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो. श्रेणी ००० पासून ६ पर्यंत जाते. ००० पातळ आमटीसारखे, ६ वडीसारखे. चाकाच्या आणि हँडलच्या उघड्या बेअरिंगला क्रमांक २ चे लिथियम ग्रीस चालते. मात्र साखळीला ग्रीस लावू नये. त्यात धूळ मिसळून पॉलिश पेपरसारखा लगदा होतो. तेथे पातळ तेलच बरे. ब्रेकच्या चकतीला तर कोणत्याही ग्रीसचे बोटही लागता कामा नये.

गिअर असलेल्या हब मोटरमध्ये बहुधा नायलॉनचे दाते असतात. तेथे 'प्लॅस्टिकसाठी सुरक्षित' असे लिहिलेले कृत्रिम तेलाचे ग्रीस वापरावे. नायलॉन खनिज तेलाला फारसे भीत नाही, पण पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लॅस्टिकांना ताणाखाली काही तेलांमुळे तडे जातात. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, सिलिकोन रबर सिलिकोन तेलात फुगते. 'समानशीलव्यसनेषु सख्यम्' येथे बाधते! आणि सिलिकोन ग्रीस जोडणीला कितीही चांगले असले, तरी धातू धातूवर घासतो तेथे ते दुबळे वंगण ठरते.

लेबल फाटलेली ट्यूब

दुकानात हमखास एखादी लेबल नसलेली ट्यूब असते. तिची ओळख पटवण्यासाठी दोन पेले घ्या. एकात साधे पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेले पाणी. त्याची घनता सुमारे १.२ होते. मोहरीएवढा गोळा आतली हवा दाबून काढून पाण्यात सोडा.

साध्या पाण्यात तरंगला तर खनिज तेलाचे ग्रीस, कारण त्याची घनता ०.९ च्या आसपास असते. साध्या पाण्यात हळूहळू बुडाला पण मिठाच्या पाण्यात तरंगला तर सिलिकोन ग्रीस असण्याचा संभव. दोन्हींत थेट तळाशी गेला तर उष्णतावाहक पेस्ट, कारण तिच्यात बहुधा झिंक ऑक्साइडसारखी जड पूड ठासून भरलेली असते आणि झिंक ऑक्साइडची घनता पाण्याच्या साडेपाचपट असते. आणखी एक गोळा कागदावर उघडा ठेवा. दुसऱ्या दिवशी तो रबरासारखा झाला तर ते सीलंट.

ही परीक्षा कुळ सांगते, नाव नाही. आम्लाचे सीलंट की न्यूट्रल, हे लिटमसच सांगेल. तरीही शंका उरली तर ती ट्यूब विजेच्या जोडणीला लावू नये.

एका जागी मात्र यातले काहीही वापरायचे नाही, ती म्हणजे बॅटरीची पेटी. लिथियमच्या घटात दाब वाढला तर वायू बाहेर पडण्याची वाट ठेवलेली असते. 'पाणी जाऊ नये' म्हणून ती बुजवली तर आपण सुरक्षेची झडपच बंद केलेली असते. बॅटरी उघडणे हे शाळेचे काम नाही आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचेही नाही.

सरांनी त्या दिवशी दुकानदाराला लिटमसची एक लहान पट्टी दिली. आता तो सीलंटच्या प्रत्येक नव्या ट्यूबचा थेंब आधी बरणीत टाकतो आणि मगच ती ट्यूब वायरींच्या कप्प्यात ठेवतो. त्याच्या दुकानात काम शिकणारा मुलगा आमच्याच शाळेत नववीत आहे. आम्ले आणि आम्लारींचा धडा सुरू झाला, तेव्हा वर्गात सर्वांत आधी हात वर झाला तो त्याचा.